थाळीचा दर ठरवताना

आम्ही नवराबायको कुर्ल्याचे. आमच्याकडचा लालबहादूर शास्त्री मार्ग म्हणजे जुना आग्रा रोड. त्याच वाटेनं ठाणे, कसारा घाट, इगतपुरी करत फेब्रुवारीतल्या एका शनिवारी आम्ही नाशिकला गेलो. तेही वायनरी बघायला!

गंगापूर धरणाच्या बाजूला द्राक्षांचा तोडा चालला होता. वाइनची द्राक्षं खायच्या द्राक्षांपेक्षा बारीक, जाड सालीची, बियांची. लाल वाइनला रंग येतो तो सालीचा, म्हणून ती सालीसकट आंबवतात. चव आमच्यातल्या एकानंच घेतली. गाडी ज्याच्या हाती, त्यानं घोटही घ्यायचा नाही, हे घरूनच ठरलं होतं.

जेवायला जवळच्या वस्तीवर गेलो. चुलीवरची बाजरीची भाकरी, काळ्या मसाल्याची आमटी, ठेचा. वाढणाऱ्या ताई पहाटे बागेत तोड्याला जाऊन आलेल्या. थाळीचा दर त्यांनी नुसत्या किराण्यावर ठरवला होता.

"आणि सरपण? तुमचे तीन तास?" आम्ही विचारलं.

त्या हसल्या. "ते तर घरचंच काम!"

वायनरीच्या बाटलीत तोडणाऱ्या बाईची मजुरीही धरलेली असते. त्याच बाईनं रांधलं, की मजुरी शून्य? आम्ही तिथंच वहीत हिशेब मांडला आणि त्या दरानं पैसे दिले.

तुमच्या बचतगटाकडे पाहुणे जेवायला आले, तर वहीत पहिली ओळ लिहा : आमची मजुरी. किराणा त्याच्या खाली.