दिग्दर्शक कोण होतो?
(साक्षरता वर्गापुढे दिलेले भाषण)



आज सिनेमाविषयी बोलायचे आहे. सिनेमा आपण सगळेच पाहतो. जत्रेतल्या तंबूत पाहिला, थेटरात पाहिला, आता तर हातातल्या फोनवरही पाहतो. पण सिनेमा संपला की आपण बोलतो कोणाविषयी? नटाविषयी आणि नटीविषयी. पडद्यावर आणखीही नावे येतात. त्यांत एक नाव ठळक अक्षरांत येते आणि त्याच्याजवळ ‘दिग्दर्शक’ असा शब्द असतो. हा शब्द आपल्या वर्गातल्या पुष्कळांनी आता जोडाक्षरे फोडून वाचला आहे. वाचल्यावर साहजिकच विचारतात, ‘‘गुरुजी, हा बाबा करतो तरी काय?’’

दिग्दर्शक म्हणजे दिशा दाखवणारा. नटाने कुठे उभे राहायचे, काय बोलायचे, दिवस कोणता, घर कोणते, हे सगळे तो ठरवतो. पण त्याचे खरे काम याहून मोठे आहे. कॅमेऱ्याने काय पाहायचे आणि काय पाहायचे नाही, हे तो ठरवतो. गावात शंभर घरे असली, तरी त्याने ज्या घरात कॅमेरा नेला त्याच घराची गोष्ट जगाला कळते. बाकीची घरे लांबून दिसतात. तेव्हा हा माणूस कोणत्या घरातून आला, याला महत्त्व आहे. एवढेच आज मला सांगायचे आहे.

दादासाहेब फाळक्यांनी १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ हा चित्रपट मुंबईत दाखवला. त्याला आता शंभराहून अधिक वर्षे झाली. या वर्षांत मोठमोठे दिग्दर्शक झाले. त्यांची योग्यता मी कमी करीत नाही. पण सिनेमाला पैसा लागतो. ओळख लागते. चार वर्षे कमाई न करता कोणाच्या तरी हाताखाली शिकायची सोय लागते. ज्याच्या घरी संध्याकाळच्या भाकरीची चिंता, तो तिथवर पोहोचणार कसा? म्हणून गरीब वस्तीवर सिनेमे निघाले, पण ते काढणारे बहुधा बाहेरचे होते.

१९३६ साली ‘अछूत कन्या’ नावाचा हिंदी चित्रपट निघाला. अस्पृश्य मुलगी आणि ब्राह्मण मुलगा यांच्या प्रेमाची गोष्ट. काढणाऱ्यांचा हेतू चांगला होता. मुलीचे काम देविकाराणींनी केले. शेवटी ती मुलगी आगगाडी थांबवायला जाते आणि मरते. लोक डोळे पुसत बाहेर आले असतील. अशा गोष्टींत आपला माणूस असतो कसा? फार चांगला, फार सोशिक, आणि शेवटी मेलेला! त्याची दया यावी म्हणून त्याला सोशिक करायचे. पण आपल्या वस्तीतली सगळी माणसे काय नुसती सोशिकच असतात? कोणी चिडका असतो, कोणी नटवा असतो, कोणी चहाच्या दुकानावर बढाया मारतो. ते बाहेरच्याला दिसत नाही.

त्या काळी पडद्यावर आपल्यातले कोणी आले, तर काय व्हायचे हेही ऐका. केरळात १९३० च्या सुमारास ‘विगतकुमारन’ नावाचा मूकपट दाखवला गेला. त्यात पी. के. रोझी या दलित बाईने नायर घरातल्या स्त्रीचे काम केले होते. दलित बाईने वरच्या जातीच्या बाईचे सोंग घेतले म्हणून प्रेक्षक खवळले. पडद्यावर दगड मारले. रोझीबाईंचे घर जाळले. त्यांना गाव सोडून पळावे लागले. पुन्हा त्यांनी सिनेमात काम केले नाही. तो मूकपटही आज शिल्लक नाही.

आता आपल्याकडच्या एका माणसाविषयी सांगतो. नागराज मंजुळे हे नाव तुम्ही ऐकले असेल. सोलापूर जिल्ह्यात करमाळा तालुक्यात जेऊर म्हणून गाव आहे. तिथे वडार समाजात १९७७ साली त्यांचा जन्म झाला. वडार म्हणजे दगड फोडणारे, माती खणणारे लोक. किती धरणे, किती रस्ते त्यांच्या घणावर उभे राहिले आहेत! नागराज दहावीला नापास झाले होते. मी मुख्याध्यापक होतो म्हणून सांगतो, मुलगा नापास झाला की शाळेच्या रजिस्टरात तांबडी शाई लागते आणि तिथेच त्याची हकीगत संपते. पुढे तो काय झाला, ते लिहायला रकाना नसतो. हा मुलगा पुढे पुणे विद्यापीठाचा मराठीचा एम. ए. झाला. कविता लिहू लागला. मग अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, एका कॉलेजात चित्रपटाचे शिक्षण घ्यायला गेला. तिथे अभ्यासाचा भाग म्हणून त्याने एक लहानसा चित्रपट केला, ‘पिस्तुल्या’. एका लहान मुलाला शाळेत जायचे असते आणि घरचे दारिद्र्य जाऊ देत नाही, अशी त्याची गोष्ट. त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

त्यानंतरचा ‘फँड्री’. तो १४ फेब्रुवारी २०१४ ला थेटरांत आला. पहिल्या चित्रपटासाठी दिग्दर्शकाला मिळणारा राष्ट्रीय पुरस्कार याला मिळाला. कैकाडी बोलीत फँड्री म्हणजे डुक्कर. गोष्ट जब्या नावाच्या मुलाची. जात कैकाडी. बाप कचरू गावात पडेल ते काम करतो, आणि गावात डुकरांचा उपद्रव झाला की डुकरे धरायला त्यालाच बोलावतात. जब्याचे मन शालू नावाच्या वर्गातल्या मुलीवर बसले आहे. शालू वरच्या जातीची.

या चित्रपटात मला काय पटले ते सांगतो. जब्या गरीब आहे, पण बापुडवाणा नाही. तो तोंडाला पावडर लावतो. नाक सरळ व्हावे म्हणून नाकाला कपड्यांचा चिमटा लावून बसतो! त्याला नवी पँट पाहिजे. ती घ्यायला तो सायकलीवर गारीगार विकायला जातो आणि सायकल ट्रकखाली जाते. मुलीवर मोहिनी घालायला काळी चिमणी मारून तिची राख करायची, असे कोणी सांगितले म्हणून तो रानोमाळ तिच्यामागे फिरतो. आता सांगा, हा चिमटा बाहेरच्या माणसाला सुचला असता का? त्याने जब्याला उपाशी दाखवले असते. उपाशी तो आहेच. पण चौदा वर्षांच्या पोराला भुकेपेक्षा आपले नाक मोठे वाटते, हे ज्याने भोगले त्यालाच माहीत.

जब्याचे काम करणारा सोमनाथ अवघडे हाही करमाळा भागातलाच, हलगी वाजवणारा मुलगा. त्याला बालनटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

शाळा पाहा. वर्गात गुरुजी चोखोबांचा अभंग शिकवतात. मुले ऐकतात. चोखोबा भिंतीपलीकडचे, म्हणून त्यांचा मान राखायला हरकत नाही. जब्या मात्र याच वर्गात बसलेला आहे. आम्ही मास्तर मंडळींनी हा प्रसंग पुन्हा पाहावा. मी दोनदा पाहिला.

शेवटी कचरूचे सगळे कुटुंब शाळेजवळ डुक्कर धरायला पळते. शाळेतली मुले पाहत आहेत. शालू पाहते आहे. जब्या लाजेने लपतो आणि बापाचा मार खातो. डुक्कर आता हाती लागणार, तेवढ्यात शाळेत राष्ट्रगीत सुरू होते. जब्या ताठ उभा राहतो. बाप, आई, बहीण, सगळे उभे राहतात. डुक्कर निघून जाते. पुढे डुक्कर धरतात, काठीला बांधतात, आणि ते खांद्यावर घेऊन शाळेच्या भिंतीवरून जातात. भिंतीवर चित्रे आहेत: बाबासाहेब, जोतिराव, सावित्रीबाई, गाडगेबाबा. चित्रपटात यावर कोणी एक शब्द बोलत नाही. टवाळ पोरे मात्र ‘‘फँड्री, फँड्री’’ म्हणून ओरडतात. तेव्हा हा गप्प मुलगा दगड उचलतो. त्याचा शेवटचा दगड थेट आपल्याकडे येतो आणि पडदा काळा होतो.

रोझीबाईंच्या वेळी दगड प्रेक्षकांतून पडद्यावर गेला होता.

काही लोक म्हणतात, ‘‘चांगले दाखवायचे सोडून हे कशाला उकरून काढायचे? जात आता राहिली कुठे?’’ असे म्हणणारे माझ्या ओळखीचे आहेत आणि ते वाईट नाहीत. मी त्यांना म्हणतो, डुक्कर धरायला गाव अजून कोणाला बोलावते तेवढे सांगा, मग बोलू. दुसरा आक्षेप आपल्याच माणसांचा असतो. ‘‘गुरुजी, ह्यात काय पाहायचं? हे तर आमच्या दारात रोज घडतंय. आमची अब्रू चव्हाट्यावर आणली.’’ हा आक्षेप मला जास्त जड वाटतो. आपले दुःख चारचौघांत उघडे पडले की लाज वाटतेच. पण लाज कोणाला वाटावी, धरणाऱ्याला की धरायला लावणाऱ्याला, हे हा चित्रपट ज्याचे त्याला विचारायला लावतो. आणि जब्याला पाहून हसू येते, बरं का, पुष्कळ वेळा येते. नुसते रडगाणे नाही ते.

मग २०१६ च्या २९ एप्रिलला ‘सैराट’ आला. तो तुम्ही सर्वांनी पाहिला आहे, गाणीही पाठ आहेत, म्हणून जास्त सांगत नाही. पारधी समाजाचा परशा, पाटलाची आर्ची, करमाळ्याचाच मुलूख. आर्ची ट्रॅक्टर चालवते. पाटलाचा पोरगा भर वर्गात मास्तरांच्या कानशिलात मारतो. आणि शेवट? तिथे आवाजच नाही. रक्तात भिजलेली लहान मुलाची पावले, एवढेच. आधी नाचणारे लोक थेटरातून मुकाट बाहेर पडले. या चित्रपटाने शंभर कोटी रुपयांच्या वर धंदा केला. मराठीत तोवर तसे झाले नव्हते. कन्नड, पंजाबी, उडिया, बंगाली आणि हिंदीत त्याच्या नकला निघाल्या. जेऊरची बोली कोणाला कळणार, असे म्हणणाऱ्यांना हिशेबाच्या वहीनेच उत्तर मिळाले. पैसेवाल्याला दुसरे उत्तर पटतही नाही.

नागराज एकटे नाहीत. भाऊराव कऱ्हाडे हे शेतकऱ्याचे पुत्र. त्यांनी ‘ख्वाडा’ काढायला आपली जमीन विकली. मेंढरे घेऊन गावोगाव हिंडणाऱ्या धनगर कुटुंबाची ती गोष्ट आहे. २०१५ साली तो थेटरांत आला. त्याला राष्ट्रीय पुरस्कारांत परीक्षकांचे खास पारितोषिक मिळाले, आणि जागेवरच आवाज टिपल्याबद्दलही मिळाले. म्हणजे मेंढरांचे बें-बें, काठीचा ठोका, माणसांचे बोलणे, सगळे तिथलेच. पण जमीन विकून सिनेमा काढा, असे मी कोणाला सांगणार नाही. भाऊरावांचे निभावले. ज्यांचे निभावले नाही त्यांची नावे आपल्याला कळतही नाहीत.

तमिळ मुलखात पा. रंजित यांनी स्वतः नाव मिळवल्यावर दुसऱ्याला हात दिला. त्यांनी पैसा उभा केला म्हणून मारी सेल्वराज यांचा ‘परियेरुम पेरुमाळ’ २०१८ साली निघाला. त्यात कायद्याच्या कॉलेजात गेलेला दलित मुलगा आहे. रोझीबाईंच्या नावाने रंजित यांनी चित्रपट महोत्सवही सुरू केला. नीरज घेवान हे हैदराबादेत वाढलेल्या मराठी दलित घरातले. चांगली नोकरी सोडून ते सिनेमात आले. त्यांचा ‘मसान’ २०१५ साली फ्रान्समधल्या कान गावच्या महोत्सवात गौरवला गेला. २०१८ साली त्यांनी जाहीरपणे सांगितले, की मला लेखनाला मदतनीस पाहिजेत आणि ते दलित, बहुजन, आदिवासी समाजांतले पाहिजेत. गुणवत्ता सोडून जात पाहता का, म्हणून काहींनी त्यांना झोडपले. इतकी वर्षे ओळखीने माणसे घेतली, तेव्हा हा प्रश्न कोणी विचारला नव्हता.

मागच्या रांगेतल्या आयाबायांच्या एक गोष्ट लक्षात आली असेल. दिग्दर्शक म्हणून मी जी नावे घेतली ती सगळी पुरुषांची. बायांची नावे खरोखरच थोडी आहेत. ज्योती निशा हे त्यांतले एक. बाबासाहेबांवर आणि आजच्या दलितांच्या जगण्यावर त्यांनी एक माहितीपट केला. माहितीपटात नट नसतात, खरी माणसे बोलतात. पैसा नव्हता म्हणून त्यांनी लोकांकडून थोडी थोडी वर्गणी गोळा केली, पुढे रंजित यांनीही साथ दिली, आणि काही वर्षे खपून तो २०२३ साली पुरा केला. तो आपल्याला मिळतो का, याची चौकशी करायला मी ग्रंथपालांना सांगितले आहे. मिळाला तर बायांच्या वर्गाला आधी दाखवू. दुपारी दोनची वेळ सोयीची पडेल का, ते जाताना सांगा.