बरगीच्या जलाशयावरील हक्क

लोककल्याणासाठी राज्यसंस्थेने एखादे मोठे काम हाती घेतले की, त्याचा लाभ कोणास आणि भार कोणावर, हा प्रश्न ओघानेच उभा राहतो. लाभाचा हिशेब सहसा आगाऊ मांडलेला असतो. किती जमीन भिजेल, किती वीज निर्माण होईल, किती गावांना पिण्याचे पाणी मिळेल, याचे आकडे कोनशिला बसण्यापूर्वीच प्रसिद्ध होतात. भाराचा हिशेब मात्र बहुधा मागाहून होतो, आणि तोही भार वाहणाऱ्यांनी आपले गाऱ्हाणे चव्हाट्यावर मांडल्यानंतर. जबलपूरजवळच्या बरगी धरणाची हकीगत या दृष्टीने फार उद्बोधक आहे. ज्यांची शेते व घरे पाण्याखाली गेली, त्यांनी त्याच पाण्यावर आपला हक्क सांगितला. तो त्यांनी काही काळ मिळविला आणि पुढे गमावलाही. धोरण न्याय्य व्हावे म्हणून नागरिकांनी केलेल्या खटपटीचे इतके बोलके उदाहरण क्वचितच आढळते.

जबलपूर हे नगर मराठी माणसास परके नाही. 1817 साली इंग्रजांचा अंमल बसेपर्यंत तेथे नागपूरकर भोसल्यांची सत्ता होती. पुढे मध्यप्रांत व वऱ्हाड या जुन्या प्रांतात नागपूर, अमरावती आणि जबलपूर एकाच छत्राखाली नांदत होती. 1923 सालच्या झेंडा सत्याग्रहाची पहिली ठिणगी जबलपुरास पडली व तिचा वणवा नागपुरास पेटला. 1939 साली नगराजवळ त्रिपुरी येथे सुभाषचंद्र बोस यांच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचे अधिवेशन भरले. भेडाघाटचे संगमरवरी कडे आणि धुवांधार धबधबा पाहण्यास जाणारे प्रवासी आजही पुष्कळ आहेत. परंतु त्याच नर्मदेच्या प्रवाहावर नगरापासून सुमारे 40 किलोमीटर अंतरावर बरगीची भिंत उभी आहे, आणि तिच्यामागे शेकडो वर्षांची वस्ती पाण्याखाली गेली आहे, याची जाणीव त्यांतील थोड्यांनाच असते.

नर्मदेच्या खोऱ्यात 30 मोठी धरणे बांधण्याची योजना होती. मुख्य नदीवरील धरणांपैकी सर्वांत आधी पूर्ण झालेले धरण ते बरगीचे. 1974 साली कामास प्रारंभ झाला आणि 1990 साली जलाशय पूर्ण पातळीपर्यंत भरला. भिंतीची उंची 69 मीटर आणि लांबी सुमारे साडेपाच किलोमीटर. मागे पसरलेला जलाशय 75 किलोमीटर लांब असून त्याचे क्षेत्र सुमारे 268 चौरस किलोमीटर आहे. मंडला, सिवनी व जबलपूर या तीन जिल्ह्यांतील 162 गावांस त्याची झळ पोचली. आरंभीचा सरकारी अंदाज 101 गावांचा होता. म्हणजे पाणी कोठवर चढेल, याची मोजणीच मुळात चुकली होती. सरकारने नव्याने वसवून दिलेल्या काही वसाहतींतही पाणी शिरले, आणि एकदा उठलेल्या कुटुंबांना पुन्हा बिऱ्हाड हलवावे लागले. रामगढची राणी अवंतीबाई 1857 च्या उठावात इंग्रजांशी लढली व 1858 साली तिने प्राणार्पण केले. तिचेच नाव या जलाशयास देण्यात आले आहे. आपल्या मुलखासाठी लढलेल्या राणीच्या नावाच्या सरोवराखाली त्याच मुलखातील गोंडांची गावे बुडाली, हा योग विलक्षणच म्हटला पाहिजे.

या लोकांना मोबदला मिळाला नाही असे नव्हे. पण तो कोणत्या कायद्यान्वये मिळाला, हे पाहणे अगत्याचे आहे. 1894 सालच्या भूसंपादन कायद्यास जमिनीचा मालक ठाऊक होता, जमिनीवर जगणारा माणूस ठाऊक नव्हता. ज्याच्या नावे सातबारा वा पट्टा, त्यास जमिनीची किंमत रोख मोजून दिली की सरकारचे कर्तव्य संपले, अशी त्या कायद्याची धारणा होती. किंमतही आसपासच्या नोंदलेल्या खरेदीखतांवरून ठरावयाची. आदिवासी मुलखात जमिनीची खरेदी-विक्री क्वचितच होते, आणि झालीच तर कागदावर अल्प रक्कम लिहिली जाते. त्यामुळे मोबदल्याच्या रकमेत दुसरीकडे तितकी जमीन घेणे बहुतेकांस अशक्य झाले. भूमिहीन मजूर, नदीवर होडी चालविणारा केवट, मासे धरणारा ढीमर, जंगलातील मोह व तेंदूपानावर गुजराण करणारी कुटुंबे यांच्यापाशी दाखवावयास कागदच नव्हता. त्यांचे जे बुडाले त्याची किंमत कोणी केली नाही. रोख रकमेचा व्यवहार ज्यांच्या सवयीचा नव्हता, त्यांच्या हातची रक्कम लग्नकार्ये, आजारपणे व सावकाराची देणी यांत पाहता पाहता विरून गेली. अनेक कर्ते पुरुष जबलपुरात येऊन सायकल-रिक्षा ओढू लागले. ज्या नगराच्या भरभराटीसाठी हे धरण झाले, त्याच नगराच्या रस्त्यांवर धरणाखाली शेते गेलेले शेतकरी मजुरी करू लागले.

येथे एक तुलना मनात आल्यावाचून राहत नाही. नर्मदा पाणीतंटा लवादाने 1979 साली निवाडा दिला. त्यात सरदार सरोवराखाली बुडणाऱ्या शेतकऱ्यांना जमिनीच्या बदली जमीन द्यावी, असा दंडक घालून दिला होता. ते धरण गुजरातचे आणि बुडणारी बहुतेक गावे मध्य प्रदेश व महाराष्ट्राची, म्हणून राज्याराज्यांतील वादापायी विस्थापितांच्या पदरात निदान कागदावर तरी हा हक्क पडला. बरगीचे धरण आणि त्याखाली बुडालेली गावे ही दोन्ही मध्य प्रदेशातीलच. दुसरे कोणतेही राज्य भांडावयास उभे नव्हते, म्हणून बरगीच्या गोंडास तो हक्क मिळाला नाही. एकाच नदीच्या काठच्या दोन शेतकऱ्यांना दोन निराळे न्याय मिळाले, आणि त्यांतील अंतर केवळ राज्याच्या सीमारेषेने ठरविले.

महाराष्ट्रात हा प्रश्न त्यापूर्वीच पुढे आला होता. टाटांच्या धरणाविरुद्ध मुळशी पेट्यातील मावळ्यांनी 1921 साली सत्याग्रह आरंभिला आणि सेनापती बापट यांनी त्याचे नेतृत्व केले. तो सत्याग्रह यशस्वी झाला नाही. पण धरणासाठी जमीन सोडणाऱ्यास काही म्हणावयाचे असते, हे देशाने प्रथम तेथे ऐकले. पुढे कोयनेपासून अनेक धरणांच्या विस्थापितांनी डॉ. बाबा आढाव, दत्ता देशमुख यांच्यासारख्या कार्यकर्त्यांच्या साहाय्याने ‘आधी पुनर्वसन, मग धरण’ ही मागणी लावून धरली. 1976 साली महाराष्ट्राने पुनर्वसनाचा कायदा केला आणि लाभक्षेत्रातील मोठ्या खातेदारांकडून काही जमीन घेऊन ती धरणग्रस्तांस देण्याचे तत्त्व मान्य केले. ज्याला पाणी मिळाले त्याने, ज्याचे घर पाण्यात गेले त्यासाठी थोडे द्यावे, इतका हा साधा न्याय होता. अंमलबजावणी रेंगाळली, ही गोष्ट वेगळी. पण तत्त्व कायद्यात आले, हे काही थोडे नव्हे.

बरगीच्या लोकांपुढे असा मार्ग उरला नव्हता. धरण झाले होते, पाणी चढले होते, मोबदल्याची रक्कम खर्चून गेली होती. धरण पाडा, असे म्हणण्यात अर्थ नव्हता. या अवस्थेत ‘बरगी बांध विस्थापित एवं प्रभावित संघ’ या संघटनेने, राजकुमार सिन्हा व त्यांच्या सहकाऱ्यांनी, जी वाट धरली ती मोठी व्यवहारी होती. जे बुडाले ते परत मागण्याऐवजी बुडविणाऱ्या पाण्यातच उपजीविका शोधावयाची, असे त्यांनी ठरविले. त्यांच्या दोन मागण्या मुख्य होत्या.

पहिली मागणी गाळपेर जमिनीची. जलाशयाची पूर्ण पातळी 422.76 मीटर आहे. पावसाळ्यानंतर पाणी जसजसे ओसरते, तसतशी काठची जमीन उघडी पडते. तिच्यावर नवा गाळ साचलेला असतो, आणि वेळेवर पेरणी झाली तर गहू व हरभरा उत्तम येतो. पण पाणी केव्हा उतरवावयाचे, हे वीजघर व कालवे यांच्या सोयीने ठरत असे. शेतकऱ्याने पेरणी करावी तर पाणी हटलेले नसे, आणि हटे तेव्हा हंगाम निघून गेलेला असे. म्हणून डिसेंबरच्या मध्यापर्यंत पातळी 418 मीटरवर आणावी, असे त्यांचे म्हणणे होते. अवघे चार-पाच मीटर पाणी आणि काही आठवडे, एवढाच हा प्रश्न. पण हजारो एकरांची रब्बी त्यावर अवलंबून होती.

दुसरी मागणी मासेमारीची. जलाशयात मासे पुष्कळ, परंतु ते धरण्याचा मक्ता ठेकेदाराकडे. ज्याच्या शेतावर तळे झाले, त्याने तेथे जाळे टाकले तर तो चोर ठरे. आणि मजूर म्हणून टाकले तर ठेकेदार देईल त्या दरावर त्यास समाधान मानावे लागे. निवेदने झाली, मोर्चे निघाले, सत्याग्रह झाले. अखेरीस 1994 साली राज्य सरकारने विस्थापितांचा हक्क मान्य केला. गावोगावच्या 54 प्राथमिक सहकारी संस्था स्थापन झाल्या, त्यांचा एक संघ उभा राहिला, आणि जलाशयातील मासे धरणे व विकणे हे काम त्या संघाकडे आले. सभासदाने आणलेल्या मासळीचा भाव ठरलेला, सरकारचे स्वामित्वधन ठरलेले, बाकीची व्यवस्था संघाची. मासे विणीवर असताना, म्हणजे 16 जून ते 15 ऑगस्ट या काळात, जाळी बंद ठेवावयाची आणि जलाशयात बोटुकली सोडावयाची, हे नियमही आता मासेमारांच्याच हिताचे झाले. कालपर्यंत रिक्षा ओढणारे काहीजण गावाकडे परतले. बरगीचे हे उदाहरण पाहून होशंगाबाद जिल्ह्यातील तवा धरणाच्या विस्थापितांनीही तशीच मागणी केली, आणि 1996 साली तवा मत्स्य संघाकडे तेथील जलाशय सोपविण्यात आला.

ही व्यवस्था बरगीस फार वर्षे टिकली नाही. राज्याचा मत्स्य महासंघ 1999 साली स्थापन झाला, त्यानंतर जलाशय सहकारी संघाच्या हातून गेला आणि ठेकेदारी पुन्हा आली. सरकारची बाजूही येथे ऐकली पाहिजे. जलाशय ही सार्वजनिक मालमत्ता आहे. जो अधिक रक्कम देईल त्यास मक्ता दिला तर सर्व जनतेचा लाभ होतो, असा तो युक्तिवाद. शिवाय सहकारी संस्थांत दोष शिरतात, जमाखर्चाची हेळसांड होते, चार वजनदार माणसे संस्था बळकावतात. महाराष्ट्रास हे नव्याने सांगावयास नको. हे सारे खरे मानले, तरी दोन गोष्टी उरतात. ठेकेदाराची मुदत थोडी असते. आपल्या मुदतीत जेवढे निघेल तेवढे काढावे आणि पुढच्याची चिंता पुढच्याने करावी, हीच त्याची नीती असणार. काठावर पिढ्यान् पिढ्या राहावयाचे आहे अशा माणसाचे हित मात्र तळे भरलेले राहण्यात असते. दुसरे असे की, ही मालमत्ता सार्वजनिक झाली ती काही माणसांची खाजगी शेते घेऊन. त्या माणसांस लिलावात इतरांबरोबर उभे करणे, म्हणजे त्यांच्याकडून घेतलेली वस्तू त्यांनाच पुन्हा विकत घ्यावयास सांगणे होय.

त्यातही धरणाचे सारे लाभ वेळेवर पदरी पडले असते, तर विस्थापितांच्या त्यागाचे निदान चीज झाले असे म्हणता आले असते. वीजघर 90 मेगावॅटचे उभे राहिले. कटनी, सतना व रीवा या जिल्ह्यांकडे पाणी नेणारा उजवा कालवा मात्र स्लीमनाबादच्या सुमारे 12 किलोमीटर लांबीच्या बोगद्यापाशी वर्षानुवर्षे अडून राहिला. गावे बुडविण्यास विलंब झाला नाही. शेते भिजविण्यास दशके लागली.

2013 साली संसदेने 1894 चा कायदा रद्द करून भूसंपादनाचा नवा कायदा केला. जमीनमालकाबरोबरच तिच्यावर पोट असणारी कुटुंबेही बाधित होत, हे त्याने मानले. पाटबंधाऱ्याच्या प्रकल्पात जमीन बुडण्यापूर्वी 6 महिने पुनर्वसन पुरे झाले पाहिजे, असे त्यात म्हटले आहे; आणि जलाशयातील मासेमारीचा हक्क बाधित कुटुंबांस देता येईल, अशीही तरतूद त्याच्या परिशिष्टात आहे. मुळशीपासून बरगीपर्यंतच्या सामान्य माणसांनी जे रस्त्यावर मागितले, त्याचा काही अंश अशा रीतीने कायद्याच्या पुस्तकात आला. तथापि, ‘दिला पाहिजे’ आणि ‘देता येईल’ या दोन शब्दप्रयोगांत जे अंतर आहे, तेच अंतर हक्क आणि मेहेरबानी यांच्यात असते. मासेमारीच्या बाबतीत कायद्याने दुसरा शब्दप्रयोग पसंत केला आहे.

हे अंतर बरगीच्या काठी आजही जाणवते. मंडला जिल्ह्यात याच जलाशयाकाठी चुटका येथे अणुवीजकेंद्र उभारण्याची योजना पुढे आली, तेव्हा ज्या कुटुंबांना धरणाने एकदा उठविले होते, त्यांपैकी कित्येकांवर पुन्हा उठण्याची पाळी येणार असे दिसू लागले. 2013 साली ठरलेली जनसुनावणी लोकांच्या विरोधामुळे पुढे ढकलावी लागली व ती 2014 च्या फेब्रुवारीत झाली. विजेची गरज देशास आहे, याविषयी वाद नाही. प्रश्न इतकाच की, देशाच्या गरजेचे देणे त्याच घरांनी किती वेळा फेडावयाचे. 1974 साली बरगीच्या ग्रामस्थांस कोणी काही विचारले नव्हते. चार दशकांनंतर त्यांचे म्हणणे ऐकल्याखेरीज प्रशासनास पुढे जाता आले नाही. जलाशयावरचा मक्ता ते गमावून बसले, पण विचारून घेण्याचा हा अधिकार त्यांनी कमावला आणि राखला. 162 गावांच्या दीर्घ खटपटीची ही मिळकत सध्या त्यांच्यापाशी आहे. काठावरच्या कुटुंबांना गाळपेर आणि जाळे या दोन्ही गोष्टी हक्काने मिळतील, तेव्हा त्या धरणाचा हिशेब पुरा झाला असे म्हणता येईल.