महाडचे नगराध्यक्ष सुरबानाना टिपणीस

(वाचनालयाच्या शताब्दी व्याख्यानमालेत बेळगाव येथे दिलेले भाषण)



विषय निवडण्याची मोकळीक चालकांनी मला दिली, तेव्हा मी एखाद्या कवीविषयी अथवा कादंबरीकाराविषयी बोलेन अशीच त्यांची समजूत असावी. मी एका नगराध्यक्षाविषयी बोलणार आहे. नगराध्यक्ष हा आपल्या वाङ्मयात बहुधा विनोदापुरता येतो. दिवाबत्ती, गटारे, घरपट्टी यांत ज्याचा दिवस मावळतो त्याचे चरित्र कोण लिहिणार? ते शोधायचे झाले तर सभेच्या ठरावांतच शोधावे लागते. सुरेंद्रनाथ गोविंद टिपणीस, म्हणजेच महाडकरांचे सुरबानाना, यांचे नाव अशाच एका ठरावाने इतिहासात गेले.

महाड हे सावित्रीच्या काठचे, रायगडाच्या पायथ्याचे, जुन्या व्यापाराचे गाव. तेव्हाचा कुलाबा जिल्हा. १९८१ पासून आपण त्याला रायगड जिल्हा म्हणतो. गावात चवदार तळे आहे. पावसाच्या आणि झऱ्यांच्या पाण्यावर ते भरते. काठाने रस्ता आणि भोवती सवर्णांची घरे. अन्य धर्मीयांना त्या पाण्याला मज्जाव नव्हता, गुरेही तेथे पाणी पीत. मज्जाव होता तो अस्पृश्य म्हणविल्या गेलेल्यांना.

४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदे कौन्सिलात रावबहादूर सीताराम केशव बोले यांचा ठराव संमत झाला. सार्वजनिक पैशातून बांधलेली वा चालविलेली पाणवठ्याची ठिकाणे, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत, अशी त्यात शिफारस होती. शिफारस म्हणजे हुकूम नव्हे. असे कागद गावोगावच्या कचेऱ्यांत येतात, त्यांवर 'पाहिले' असा शेरा पडतो आणि ते दप्तरात जातात. महाडच्या नगरपालिकेत तसे झाले नाही. सुरबानानांच्या पुढाकाराने जानेवारी १९२४ मध्ये तिने चवदार तळे अस्पृश्यांना खुले केल्याचा ठराव केला.

यात धाडस काय, असे आज कोणास वाटेल. त्या काळच्या नगरपालिकांचा मताधिकार मालमत्तेवर आणि करावर बेतलेला होता. ज्यांच्यासाठी ठराव करायचा त्यांच्यापाशी मते जवळजवळ नव्हती, आणि ज्यांचा रोष ओढवायचा ते तळ्याकाठचे घरमालक हेच मतदार. स्वतः टिपणीस चांद्रसेनीय कायस्थ प्रभू समाजातले, म्हणजे त्याच सवर्ण वस्तीतले. सकाळी घराबाहेर पडताच ज्यांची तोंडे दिसायची त्यांच्याच विरुद्ध हा ठराव होता. मुंबईत बसून सुधारणेवर लेख लिहिणे आणि हे करणे, यांतले अंतर लहान गावात राहिलेल्या माणसास सांगावे लागत नाही.

पण खरी गोष्ट यापुढेच आहे. ठराव झाला, आणि तीन वर्षे ज्यांच्यासाठी तो झाला त्यांपैकी कोणी त्या तळ्यातून घागर भरली नाही. सवर्णांच्या वैरापुढे कोणाची छाती होणार? नगराध्यक्षाचा अधिकार सभागृहाच्या उंबरठ्याशी संपतो. घाटावर उभ्या असलेल्या जमावाला ठरावाचा कागद अडवू शकत नाही. दुसरा कोणी असता तर 'आम्ही आमचे कर्तव्य केले' म्हणून स्वस्थ बसला असता. अशी पुष्कळ माणसे मी पाहिली आहेत आणि त्यांच्या सत्कारसभांना हजरही राहिलो आहे.

सुरबानाना स्वस्थ बसले नाहीत. मार्च १९२७ मध्ये महाडात कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. तिच्यामागची धडपड रामचंद्र बाबाजी मोरे यांच्यासारख्या दलित तरुणांची. त्यांना स्थानिक आधार मिळाला तो अनंतराव चित्रे आणि सुरबानाना यांचा. डॉ. बाबासाहेब आंबेडकर अध्यक्ष म्हणून आले. हजारो माणसे गोळा झाली आणि परिषदेसाठी चाळीस रुपयांचे पाणी सवर्णांकडून विकत घ्यावे लागले! तळे खुले केल्याचा ठराव ज्या गावच्या दप्तरात तीन वर्षे पडून होता, त्याच गावात ही पाण्याची खरेदी झाली. नगराध्यक्षाच्या मनाला ते चाळीस रुपये किती जड गेले असतील याची कल्पनाच करावी.

२० मार्च रोजी परिषदेत चित्र्यांनी तळ्यावर जाण्याची सूचना मांडली. लोक रांगेने निघाले आणि बाबासाहेबांनी तळ्यातले पाणी ओंजळीत घेतले. पुढचे आपणांस ठाऊक आहे. वीरेश्वराच्या देवळात हे लोक शिरणार अशी हूल उठली, मांडवात जेवत असलेल्या प्रतिनिधींवर लाठ्या चालल्या, कित्येकांना मुसलमानांच्या घरांत आसरा घ्यावा लागला. नंतर तळ्यातून १०८ घागरी पाणी उपसून, पंचगव्य टाकून त्याची 'शुद्धी' करण्यात आली.

येथे एक खुलासा केला पाहिजे. सत्याग्रहाचे श्रेय मी नगराध्यक्षाच्या पदरात टाकीत नाही. ते ज्यांनी डोक्यावर लाठ्या झेलल्या त्यांचे आहे, आणि बाबासाहेबांचे आहे. पण ते तळ्याकडे गेले ते चोरवाटेने नव्हे. नगरपालिकेने मान्य केलेला हक्क बजावण्यास ते चालले होते, आणि ही नैतिक व कायदेशीर भूमी १९२४ च्या ठरावाने तयार करून ठेवली होती.

म्हणूनच विरोधकांनी पुढे ठरावावर घाव घातला. ४ ऑगस्ट १९२७ रोजी महाड नगरपालिकेने आपलाच ठराव रद्द केला. तारीख पाहा: बोले ठरावाला त्याच दिवशी चार वर्षे पूर्ण होत होती. ज्या सभागृहाने एकदा हात वर करून दार उघडले होते, त्यानेच हात वर करून ते लावून घेतले. संस्था चालविणाऱ्या माणसाला याहून कडू घोट नाही. आपण या वाचनालयाच्या कार्यकारिणीत बसणारे लोक तरी ते जाणतोच.

आपल्या बेळगावचा धागाही येथे जुळतो. ज्या १९२४ सालाच्या जानेवारीत महाडने तो ठराव केला, त्याच सालच्या डिसेंबरात महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखालील काँग्रेसचे एकमेव अधिवेशन बेळगावात भरले. त्यासाठी टिळकवाडीत खणलेली विहीर आपण अभिमानाने दाखवितो. ती दाखविताना मला महाडचे तळे आठवते. विहीर खणणे हे सामर्थ्याचे काम असेल, पण असलेल्या पाण्याची वाट मोकळी करणे कितीतरी अवघड.

डिसेंबर १९२७ मध्ये दुसरी परिषद भरली, पण त्याआधीच तळे खासगी असल्याच्या दाव्यावर न्यायालयाचा तात्पुरता मनाई हुकूम आलेला होता. बाबासाहेबांनी तो पाळला. २५ तारखेला मनुस्मृतीचे दहन झाले, आणि मग तळ्यास वळसा घालून मिरवणूक गेली, पाण्यास कोणी स्पर्श केला नाही. सुरबानानांनी बाबासाहेबांची साथ सोडली नाही. पुढे त्यांच्या स्वतंत्र मजूर पक्षातही ते होते.

दावा महाडहून ठाण्यास, ठाण्याहून मुंबई उच्च न्यायालयात गेला. १७ मार्च १९३७ रोजी तेथे निकाल लागला. खंडपीठावर ब्रूमफील्ड होते, म्हणजे ज्यांनी १९२२ साली अहमदाबादेस गांधीजींना शिक्षा सुनावली तेच. अस्पृश्यांना वगळण्याची अनादि रूढी वादींना सिद्ध करता आली नाही, असे न्यायालयाने ठरविले. जी गोष्ट एका गावच्या नगरपालिकेने साध्या बहुमताने सांगितली होती, तीच शाबीत व्हायला तेरा वर्षे आणि दोन महिने लागले.