आतिथ्य-व्यवसाय आणि विद्यापीठीय विद्यार्थी

(कोठी, हैदराबाद येथे महाविद्यालयीन विद्यार्थ्यांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा संक्षेप)



आजचा विषय कोठीत बोलण्यास विशेष उचित आहे. या वस्तीला ज्या वास्तूमुळे 'कोठी' हे नाव मिळाले, ती ब्रिटिश रेसिडेन्सी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी जेम्स ॲकिलिस कर्कपॅट्रिक यांनी उभारली. दरबारी पाहुण्यांच्या स्वागतासाठी बांधलेल्या त्या दालनांत १९४९ पासून मुलींचे महाविद्यालय भरू लागले आणि २०२२ मध्ये त्याचे महिला विद्यापीठात रूपांतर झाले. जवळच जामबाग येथे विवेकवर्धिनीने मराठी माणसाची शिक्षणाची हौस गेले शतकभर जोपासली आहे. अतिथिगृहाचे विद्यागृह झाले. आता विद्यागृहातून निघणाऱ्या तरुणांनी अतिथीचा विचार व्यवसाय म्हणून करावा, एवढेच मला सुचवावयाचे आहे.

प्रथम एका गैरसमजाचा उल्लेख करतो. "पदवी घेऊन शेवटी ताटेच वाढायची काय?" हा प्रश्न आपल्या घरांतून आजही विचारला जातो. परंतु त्याच घरात लग्नकार्य निघाले की पाचशे पानांच्या पंगतीला तांदूळ किती, तूप किती, कोणत्या वेळी चूल पेटवावी, हे अचूक सांगणाऱ्या गृहस्थाला सन्मानाने बोलावणे जाते. अंदाज, वेळेचे भान, माणसांची पारख आणि हिशेब, या गुणांचे शास्त्रशुद्ध संवर्धन म्हणजेच आतिथ्य-व्यवसायाचे शिक्षण होय.

या शिक्षणाचा आपल्या देशातील आरंभ महिलांच्या पुढाकाराने झाला, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. १९५४ मध्ये श्रीमती लीलावती मुनशी यांच्या नेतृत्वाखाली अखिल भारतीय महिला मध्यवर्ती अन्न परिषदेने मुंबईत या विषयाची देशातील पहिली संस्था स्थापन केली. त्यांचे पती कन्हैयालाल मुनशी हे १९४८ मध्ये याच हैदराबादेत भारत सरकारचे एजंट जनरल होते. पुढे १९८२ मध्ये राष्ट्रीय पातळीवर हॉटेल व्यवस्थापन परिषद अस्तित्वात आली व अभ्यासक्रमांना एकसूत्रीपणा लाभला. दुसरीकडे १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी गिरणी कामगारांना जेवण पुरविणाऱ्या मुंबईच्या खानावळवाल्या भगिनींना अन्नपूर्णा महिला मंडळात संघटित केले. त्या भगिनींजवळ पदविका नव्हती, पण रोज ठरल्या वेळी, ठरल्या दरात, ठरल्या चवीचे जेवण देण्याची शिस्त होती. पदवीधराने हीच शिस्त त्यांच्याकडून शिकावयाची आहे.

आता प्रत्यक्ष कामाचे स्वरूप पाहू. मोठ्या हॉटेलात स्वागतकक्ष, खोल्यांची निगराणी, स्वयंपाकघर आणि वाढप असे चार प्रमुख विभाग असतात. या व्यवसायाचे मर्म एका उदाहरणाने स्पष्ट होईल. शंभर खोल्यांच्या हॉटेलात आज साठ खोल्या भरल्या, तर उरलेल्या चाळीस खोल्यांचे आजच्या रात्रीचे उत्पन्न कायमचे बुडाले. कापडाच्या दुकानातील ठाण उद्या विकता येते. गेलेली रात्र विकता येत नाही. म्हणून आगाऊ नोंदणी, हंगामानुसार दर आणि पाहुण्याने पुन्हा येणे, यांवर सारा डोलारा उभा असतो. स्वयंपाकघरातही हेच. सुमारे ५ ते ६० अंश सेल्सिअस या तापमानात अन्नातील जंतू झपाट्याने वाढतात. शिजवलेले अन्न एक तर पुरेसे गरम ठेवावे, नाही तर त्वरित थंड करावे, हा नियम ज्याला केवळ पाठ आहे तो परीक्षेत उत्तीर्ण होईल. परंतु गर्दीच्या वेळीही जो तो पाळतो, तोच पाहुण्याचे आरोग्य राखील.

मग विद्यापीठाने काय करावे? माझ्या मते तीन गोष्टी कराव्यात. पहिली भाषेची. कोठीच्या बाजारात वाढलेला मराठी मुलगा घरी मराठी, शेजारी तेलुगू, दुकानात दखनी आणि वर्गात इंग्रजी बोलतो. ही संपत्ती तो गृहीत धरतो. तिला व्यवस्थित, विनयशील संभाषणाचे वळण लावणे हे भाषाविभागांचे काम आहे. दुसरी गोष्ट स्थानिक ज्ञानाची. १५९१ चा चारमिनार असो, अथवा २०१० पासून हॉटेल म्हणून चालणारा फलकनुमा राजवाडा असो, पाहुण्याला त्याची खरी माहिती चार वाक्यांत सांगता आली पाहिजे. इतिहासाच्या विद्यार्थ्याला येथे मोठा वाव आहे. तिसरी गोष्ट प्रत्यक्ष अनुभवाची. महाविद्यालयाचे उपाहारगृह हीच पहिली प्रयोगशाळा समजावी. आठवड्यातून एक दिवस विद्यार्थ्यांनी ते स्वतः चालवावे, खरेदीपासून भांडी घासण्यापर्यंत सर्व करावे, आणि दिवसाअखेर एका ताटाला खर्च किती आला व वाया किती गेले हे फळ्यावर लिहावे. यासाठी वेगळे अनुदान लागत नाही. प्राध्यापकांनी बरोबर उभे राहावे लागते.

येथे एक कटू सत्य सांगणे मी कर्तव्य समजतो. माझ्या परिचयातील एक प्रथम श्रेणीचा पदवीधर एका हॉटेलात प्रशिक्षणार्थी म्हणून दाखल झाला आणि चार महिन्यांत परतला. काम कष्टाचे होते हे त्याला मान्य होते. त्याचे दुःख निराळे होते. दिवाळीत सुटी नसते, पाळी ठरल्या वेळी संपत नाही, आरंभीचे मानधन अल्प असते, हे त्याला आधी कोणी सांगितलेच नव्हते. तो मला म्हणाला, "सर, मला गुळगुळीत पुस्तिका दाखवली, पाळीपत्रक दाखवले असते तर मी तयारीने गेलो असतो." हा दोष त्या तरुणाचा नव्हे, त्याला पाठविणाऱ्या आम्हा शिक्षकांचा आहे. म्हणून प्रशिक्षणास जाण्यापूर्वी कामाचे तास, मानधन, निवास आणि साप्ताहिक सुटी यांविषयी लेखी विचारणा करण्यास संकोचू नका. विद्यार्थिनींनी रात्रपाळीनंतरच्या वाहनव्यवस्थेची चौकशी करावी. दहा वा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत २०१३ च्या कायद्यानुसार अंतर्गत तक्रार समिती असणे बंधनकारक आहे, हेही त्यांनी ध्यानात ठेवावे. आपल्या हक्कांची जाण असलेला सेवकच पाहुण्याला लाचारीविना आदर देऊ शकतो.

मित्रहो, सेवा आणि दास्य यांतील भेद ज्याला कळला, त्याला या व्यवसायात कमीपणा वाटणार नाही. दमून आलेल्या प्रवाशाला स्वच्छ अंथरूण, निर्धोक अन्न आणि एक आपुलकीचा शब्द देणे हे सुशिक्षित माणसाचे काम आहे. किंबहुना ते सुशिक्षित माणसाने केले तरच उत्तम होते. तुमच्यापैकी ज्यांना हा मार्ग स्वीकारावासा वाटेल, त्यांनी तो डोळे उघडे ठेवून स्वीकारावा आणि पालकांनी त्यांना मान खाली घालावयास लावू नये, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.