प्रतिनिधीच्या मताचा हिशेब

ठाणें स्थानकाच्या पूर्वेस, खाडीच्या अंगाला, कोपरीची वस्ती पसरलेली आहे. १८५३ सालच्या एप्रिल महिन्यांत मुंबईहून निघालेली पहिली आगगाडी ज्या ठाण्यास येऊन थांबली, त्या ठाण्याचे रूळ आज कोपरी आणि जुनें शहर यांच्या मधून जातात. येथील एखाद्या रहिवाशास त्याच्या आमदाराविषयीं विचारलें, तर तो बहुधा पूर्व द्रुतगति महामार्गावरील कोपरीच्या पुलाची गोष्ट काढील. अरुंद पुलापाशीं वाहनें कशीं खोळंबत, रुंदीकरणाचें काम किती लांबलें, हें तो तपशीलवार सांगेल. पूल दिसतो, रस्ता दिसतो, नळाला पाणी आलें कीं नाहीं हेंही दिसतें. परंतु त्याच आमदारानें विधानसभेंत कोणत्या विधेयकास अनुकूल मत दिलें आणि कोणत्यास प्रतिकूल, असा प्रश्न केला, तर चांगला सुशिक्षित गृहस्थही गप्प बसतो. हा दोष सर्वस्वीं त्याचा नाहीं. तो हिशेब त्याला वाचावयास मिळेल अशा रीतीनें बहुतेक वेळां लिहिलाच जात नाहीं.

प्रतिनिधि निवडणें म्हणजे आपलें मत पांच वर्षें दुसऱ्याच्या हातीं सोंपविणें होय. वाण्याकडे महिन्याचें सामान भरणारी गृहिणी वाण्याची वही आणि घरची वही ताडून पाहते, आणि त्यांत कोणी अविश्वास मानीत नाहीं. मग कर, शिक्षण, आरक्षण, नागरिकत्व, सार्वजनिक सुरक्षितता अशा विषयांवर आपल्या नांवानें कोणतें मत पडलें, एवढें पाहण्याची इच्छा मतदारानें धरली तर ती गैरवाजवी म्हणतां येणार नाहीं.

सभागृहांत मत घेण्याची रीत अशी आहे. चर्चा संपली कीं अध्यक्ष प्रश्न मांडतात. अनुकूल असतील त्यांनीं ‘होय’ म्हणावें, प्रतिकूल असतील त्यांनीं ‘नाहीं’ म्हणावें. दोन्ही आवाज ऐकून अध्यक्ष कोणत्या बाजूस बहुमत आहे तें जाहीर करितात. यास आवाजी मतदान म्हणतात. त्या निर्णयास कोणी हरकत घेऊन मतविभागणी मागितली, तरच डोकीं मोजलीं जातात. भारतीय राज्यघटनेच्या १८९ व्या कलमाप्रमाणें, विधिमंडळांतील प्रश्न सामान्यतः उपस्थित राहून मत देणाऱ्या सभासदांच्या बहुमतानें सुटतात. तें बहुमत कानांनीं ओळखावें कीं बोटांनीं मोजावें, हें सभागृहाच्या नियमांवर आणि सभासदांच्या दक्षतेवर अवलंबून राहतें.

याचा परिणाम काय होतो, हें कोपरीच्याच उदाहरणावरून स्पष्ट होईल. मतदारसंघांच्या पुनर्रचनेनंतर कोपरी-पांचपाखाडी हा विधानसभेचा स्वतंत्र मतदारसंघ झाला, आणि २००९, २०१४, २०१९ व २०२४ अशा चारही निवडणुकींत तेथून एकनाथ शिंदे निवडून आले. त्यांचें उदाहरण येथें स्तुतीसाठीं किंवा निंदेसाठीं घेतलेलें नाहीं. एकाच सभासदाच्या कारकीर्दींत मत नोंदलें जाण्याचे आणि न नोंदलें जाण्याचे दोन्ही प्रकार आढळतात, एवढेंच त्याचें कारण आहे.

१२ नोव्हेंबर २०१४ रोजीं देवेंद्र फडणवीस यांच्या मंत्रिमंडळावर विश्वास दर्शविणारा ठराव विधानसभेपुढें आला. २८८ जागांच्या सभागृहांत भारतीय जनता पक्षाचे १२२ सभासद निवडून आले होते; म्हणजे बहुमतास दोन डझनांच्या आसपास मतें कमी पडत होतीं. राष्ट्रवादी काँग्रेसनें बाहेरून पाठिंबा जाहीर केला होता. शिवसेना त्या दिवशीं विरोधी बाकांवर होती, आणि कोपरीचे आमदार तिचे विरोधी पक्षनेते होते. ठराव आवाजी मतानें संमत झाल्याचें अध्यक्षांनीं जाहीर केलें. विरोधकांनीं मतविभागणीचा आग्रह धरला. ती मागणी वेळेवर झाली कीं नाहीं, यावरून मोठा गदारोळ झाला. परंतु मोजणी झाली नाहीं. पुढें महिना उलटण्यापूर्वींच, ५ डिसेंबरला, शिवसेना त्याच मंत्रिमंडळांत सामील झाली. १२ नोव्हेंबरला कोण कोणत्या बाजूस किती संख्येनें उभे होते, याचा आंकडा उपलब्ध नाहीं.

३० नोव्हेंबर २०१९ रोजीं उद्धव ठाकरे यांच्या मंत्रिमंडळाची अशीच परीक्षा झाली. या वेळीं मोजणी झाली. ठरावाच्या बाजूनें १६९ मतें पडलीं, विरुद्ध एकही पडलें नाहीं, कारण भारतीय जनता पक्षाचे सभासद सभात्याग करून बाहेर गेले होते, आणि चार सभासद तटस्थ राहिले. कोपरीचे आमदार त्या मंत्रिमंडळाचे मंत्री होते. ४ जुलै २०२२ रोजीं ते स्वतः मुख्यमंत्री होते, आणि विश्वासाचा ठराव त्यांच्याच मंत्रिमंडळावर होता. पुन्हां शिरगणती झाली. बाजूनें १६४ आणि विरुद्ध ९९ मतें पडलीं. दोहोंची बेरीज २६३ होते. उरलेल्या पंचविसांत अध्यक्ष, तटस्थ, अनुपस्थित आणि एक रिकामी जागा यांचा समावेश होतो. अनुपस्थिति हीसुद्धां एक प्रकारची नोंदच आहे. कोण आलें नाहीं हें त्या दिवशीं सर्व महाराष्ट्रास कळलें. ९ डिसेंबर २०२४ रोजीं फडणवीस यांच्या नव्या मंत्रिमंडळावरील ठराव मात्र पुन्हां आवाजी मतानें संमत झाला, आणि त्या वेळीं कोपरीचे आमदार उपमुख्यमंत्री होते.

चार ठरावांपैकीं दोहोंचे आंकडे शिल्लक राहिले आणि दोहोंचे राहिले नाहींत. सरकार राहील कीं जाईल, या प्रश्नाची ही स्थिति आहे. मग सामान्य कायद्यांची काय असेल, याचा अंदाज करतां येतो. २९ नोव्हेंबर २०१८ रोजीं मराठा समाजास १६ टक्के आरक्षण देणारें विधेयक दोन्ही सभागृहांनीं एकमतानें मंजूर केलें. तो कायदा सर्वोच्च न्यायालयानें ५ मे २०२१ रोजीं रद्द केल्यावर, २० फेब्रुवारी २०२४ च्या विशेष अधिवेशनांत १० टक्के आरक्षणाचें विधेयक पुन्हां एकमतानें मंजूर झालें. एकमत झालें असेल, तर मोजणीची आवश्यकता नाहीं, असें म्हणतां येईल, आणि त्यांत तथ्य आहे. परंतु सर्वच आवाजी निर्णय एकमताचे नसतात. १० जुलै २०२५ रोजीं महाराष्ट्र विशेष जनसुरक्षा विधेयक विधानसभेनें आवाजी मतानें मंजूर केलें. डहाणूचे सभासद विनोद निकोले यांनीं सभागृहांत आपला विरोध बोलून दाखविला, म्हणून त्यांचें मत निश्चित सांगतां येतें. सभागृहाबाहेर अनेक पक्षांच्या पुढाऱ्यांनीं त्या विधेयकावर कडक टीका केली. त्यांच्या पक्षांचे सभासद मतदानाच्या क्षणीं काय म्हणाले, हें आंकड्यानें सिद्ध करण्याचें साधन मतदारापाशीं नाहीं.

जेथें नांवानिशीं मतविभागणी होते, तेथें पराभवासही मोल येतें. गोपाळ कृष्ण गोखले यांनीं १९११ सालीं मध्यवर्ती कायदेमंडळांत प्राथमिक शिक्षण सक्तीचें करण्याचा मार्ग मोकळा करणारें विधेयक मांडलें. १९ मार्च १९१२ रोजीं त्यावर मतें घेतलीं गेलीं. विधेयकाच्या बाजूनें १३ आणि विरुद्ध ३८ मतें पडलीं. सरकारी सभासदांचें बहुमत असलेल्या त्या सभेंत हा पराभव अपेक्षितच होता, आणि गोखल्यांना त्याची कल्पना होती. तरीही त्यांनीं मत घ्यावयास लावलें. पुढें १९१८ सालीं मुंबई इलाख्यांत विठ्ठलभाई पटेल यांच्या प्रयत्नानें नगरपालिकांपुरता सक्तीच्या शिक्षणाचा कायदा झाला, २००२ सालीं शिक्षण हा राज्यघटनेंतील मूलभूत हक्क ठरला आणि २००९ सालीं त्याचा कायदा झाला. त्या तेरा जणांनीं केवळ आवाज दिला असता आणि अध्यक्षांनीं ‘नाहीं’चें बहुमत जाहीर केलें असतें, तर १९१२ सालीं या प्रश्नाच्या बाजूस कोण होते, हें पुढच्या पिढ्यांस दाखवितां आलें नसतें.

लोकसभेंत ही सोय अधिक आहे. राज्यघटनेंत दुरुस्ती करावयाची तर विशेष बहुमत लागतें, म्हणून मतें मोजावींच लागतात, आणि मतविभागणी झाली कीं सभासदांचीं नांवें कामकाजाच्या वृत्तांतांत छापलीं जातात. २० सप्टेंबर २०२३ रोजीं स्त्रियांना लोकसभेंत व विधानसभांत एक तृतीयांश जागा राखून ठेवणारें विधेयक ४५४ विरुद्ध २ मतांनीं मंजूर झालें. विरुद्ध पडलेल्या दोन मतांपैकीं एक महाराष्ट्रांतील होतें. औरंगाबादचे त्या वेळचे खासदार इम्तियाज जलील यांनीं तें दिलें, आणि इतर मागासवर्गीय व मुसलमान स्त्रियांसाठीं त्यांत स्वतंत्र तरतूद नाहीं, असें त्यांच्या पक्षानें कारण सांगितलें. तें कारण कोणास पटेल, कोणास पटणार नाहीं. परंतु त्यांच्या मतदारास होकार कीं नकार याबद्दल संशय उरला नाहीं. एका मताची किंमत किती असते, हेंही लोकसभेनेंच दाखविलें आहे. १७ एप्रिल १९९९ रोजीं अटलबिहारी वाजपेयी यांचें मंत्रिमंडळ २६९ विरुद्ध २७० मतांनीं, म्हणजे अवघ्या एका मतानें, पडलें.

तथापि नोंद मिळाली म्हणजे सर्व कळलें, असें मात्र नाहीं. १९८५ सालीं ५२ व्या घटनादुरुस्तीनें पक्षांतरास आळा घालणारें दहावें परिशिष्ट राज्यघटनेंत आलें. पक्षादेश मोडून मत देणारा किंवा गैरहजर राहणारा सभासद अपात्र ठरूं शकतो. २००३ सालच्या ९१ व्या दुरुस्तीनें एक तृतीयांश सभासदांनीं फुटून निघण्याची जुनी सवलतही काढून टाकली. पैशाच्या किंवा पदाच्या लोभानें होणारीं पक्षांतरें थांबावीं, हा त्यामागील हेतु चांगलाच होता. पण त्यामुळें सभासदाचें मत हें त्याचें स्वतःचें कीं पक्षाचें, हें नुसत्या नोंदीवरून सांगणें कठीण झालें. सर्वोच्च न्यायालयानें १९९२ सालीं असें सुचविलें कीं, ज्या आदेशाच्या भंगानें सभासद अपात्र होतो तो आदेश विश्वासाच्या ठरावापुरता आणि ज्या धोरणांवर पक्ष मतदारांपुढें गेला त्या महत्त्वाच्या धोरणांपुरताच असावा. प्रत्यक्षांत आदेश कोणत्या मतदानासाठीं निघाला होता, हें मतदारास क्वचितच कळतें.

२०२२ सालीं तर आदेशही दोन निघाले. शिवसेनेच्या एका गटाचे प्रतोद सुनील प्रभू आणि दुसऱ्या गटाचे प्रतोद भरत गोगावले यांनीं परस्परविरुद्ध आज्ञा केल्या, आणि दोन्ही बाजूंनीं आपलीच आज्ञा खरी असल्याचा दावा केला. ११ मे २०२३ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें निर्णय दिला कीं, प्रतोद नेमण्याचा अधिकार विधिमंडळांतील गटाचा नसून राजकीय पक्षाचा आहे, आणि गोगावले यांच्या नेमणुकीस मिळालेली मान्यता बेकायदेशीर ठरविली; अपात्रतेचा प्रश्न मात्र अध्यक्षांकडे सोंपविला. १० जानेवारी २०२४ रोजीं अध्यक्ष राहुल नार्वेकर यांनीं शिंदे यांच्या गटास खरी शिवसेना मानलें आणि दोन्ही बाजूंच्या कोणाही आमदारास अपात्र ठरविलें नाहीं. म्हणजे १६४ या आंकड्यांतील कांहीं मतें कोणत्या पक्षाच्या आज्ञेनें पडलीं, या एका प्रश्नावर न्यायालय आणि अध्यक्ष यांना दीड वर्ष खर्चावें लागलें. मतें मोजलीं गेलीं होतीं, म्हणून निदान वाद कशाविषयीं आहे हें तरी स्पष्ट होतें.

तेव्हां प्रतिनिधीच्या मतांचा हिशेब वाचणारानें तीन प्रश्न ध्यानांत ठेवावे. निर्णय आवाजानें झाला कीं मोजणीनें? सभासद उपस्थित होता, तटस्थ होता, कीं बाहेर होता? आणि त्या दिवशीं पक्षादेश होता काय? पहिल्या प्रश्नाचें उत्तर ‘आवाजानें’ असें असेल, तर त्या सभासदाच्या माथीं कोणतेंही मत मारणें किंवा त्याच्या पदरीं त्याचें श्रेय बांधणें, दोन्ही अन्यायाचें होईल. फार तर त्याचें भाषण पुरावा म्हणून घेतां येईल. तिसऱ्याचें उत्तर ‘होता’ असें असेल, तर त्या मताचा जाब पक्षास विचारणें अधिक योग्य ठरेल.

प्रत्येक लहानसहान कलमावर मतविभागणी मागितली, तर सभेचें काम चालणार नाहीं, हा आक्षेप खरा आहे. परंतु विश्वासाचे ठराव, कर बसविणारीं विधेयकें आणि नागरिकांच्या स्वातंत्र्याशीं संबंध असलेले कायदे यांपुरती नांवानिशीं मोजणी करून तीं नांवें प्रसिद्ध करणें, हें काम अवघड नाहीं. इंग्लंडच्या कॉमन्स सभेनें १८३६ पासून मतविभागणीच्या याद्या अधिकृतपणें छापण्यास आरंभ केला. त्या वेळीं यंत्रें नव्हतीं, सभासद दोन दालनांतून चालत जात आणि कारकून नांवें टिपीत. मोजणी मागण्याचा अधिकार सभागृहांतील सभासदांपाशीं आहे, आणि सभासदांस त्याची आठवण देण्याचा अधिकार मतदारांपाशीं आहे.

कोपरीचा रहिवासी पुलाची चौकशी करितो, तें योग्यच आहे. पूल त्याच्या रोजच्या वाटेवर आहे. निवडणुकीच्या सभेंत त्यानें पुलाच्या प्रश्नाबरोबर आणखी एक प्रश्न विचारावा. गेल्या पांच वर्षांत कोणत्या विधेयकांवर आपण मतविभागणी मागितली, आणि जेथें मोजणी झाली तेथें आपलें नांव कोणत्या यादींत आहे, एवढेंच त्यानें विचारावें. उमेदवार कोणत्याही पक्षाचा असो, या प्रश्नास उत्तर देतां येईल अशा रीतीनें वागणें त्याला शक्य आहे.