आपली परंपरागत नोकरी कोणती होती?

(पदवीधर विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



मला विषय दिला आहे ‘पारंपरिक नोकरीबाहेरचं समाधानी आयुष्य’. माझा पहिला प्रश्न असा, की पारंपरिक नोकरी कुणाची? इथे बसलेल्या बहुतेकांच्या पणजोबांची नोकरी जन्माआधीच ठरलेली होती. महारवतन घ्या. निरोप पोचवायचे, साऱ्याचा पैसा तालुक्याला न्यायचा, मेलेलं ढोर ओढायचं. वेळ ठरलेली नाही, रोख पगार नाही. घरातला एक आजारी पडला की दुसऱ्याने उभं राहायचं. कातडं, झाडू, मैला अशी जातीप्रमाणे कामं बदलली, नियम तोच राहिला. बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याला दुरुस्ती मांडली ती याच वेठीविरुद्ध. ही कनिष्ठ वतनं रद्द करणारा कायदा यायला मात्र १९५८ साल उजाडलं.

म्हणजे आपल्यासाठी सरकारी नोकरी हीच परंपरेबाहेरची वाट होती. नेमणूकपत्रावर काम, वेळ, पगार, रजा सगळं लिहिलेलं. आपल्या लोकांना पहिल्यांदा स्वतःची संध्याकाळ मिळाली. त्या संध्याकाळीच विहारातल्या बैठका झाल्या, रात्रशाळा चालल्या, कविता लिहिल्या गेल्या. त्यामुळे ‘नोकरी सोडा, मन सांगेल तसं जगा’ असं कुणी मंचावरून सांगितलं की मी आधी बघते, त्याच्या बापाच्या नावावर फ्लॅट आहे का. आई ‘परमनंट हो’ म्हणते तेव्हा ती मागासलेली नसते. पाय घसरला तर खाली काय आहे, हे तिला ठाऊक असतं.

पण दुसरी बाजूही बोलायला हवी. पुण्याच्या सदाशिव पेठेत, दिल्लीच्या मुखर्जीनगरात आपली हजारो मुलं-मुली ऐन विशीची वर्षं अभ्यासिकेत घालवतात. जागा मोजक्या निघतात, भरती लांबते, कायम पदांच्या जागी कंत्राट येतं. २००४ नंतर केंद्रात आणि २००५ नंतर महाराष्ट्रात भरती झालेल्यांना जुनी पेन्शनही राहिली नाही. खासगी क्षेत्रात आरक्षण नाही. तिथे आडनाव काय करतं तेही मोजून झालं आहे. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात कंपन्यांना सारख्या पात्रतेचे अर्ज पाठवले होते, फक्त आडनावं वेगळी. दलित आडनावाला बोलावणं येण्याची शक्यता कमी निघाली. अशा वेळी एकाच दारासमोर दहा वर्षं उभं राहणं हाही धोकाच आहे.

मग नोकरीबाहेर जगायचं कसं? आपल्या इतिहासात मला तीन रीती दिसतात.

पहिली जोतीरावांची. ते कायम कुणाच्या चाकरीत राहिले नाहीत. बांधकामाची कंत्राटं घेतली, शेती केली आणि त्या कमाईवर समाजाचं काम केलं. धंदा ही चळवळीची शिदोरी होती.

दुसरी बाबासाहेबांची. १९१७ मध्ये बडोदा संस्थानाच्या नोकरीत जातीमुळे राहायला जागासुद्धा मिळाली नाही आणि ते मुंबईला परतले. शेअर बाजारातल्या गुंतवणुकीबद्दल सल्ला देण्याचा व्यवसाय सुरू केला, पण जात कळल्यावर गिऱ्हाईक आलं नाही. हे लक्षात ठेवा, बाजारालाही जात असते. मग सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी, ती सोडून लंडनला उरलेलं शिक्षण, १९२३ पासून मुंबईत वकिली. वकिली जम धरेपर्यंत, १९२५ ते १९२८, ते बाटलीबॉय यांच्या अकाउंटन्सी संस्थेत अर्धवेळ शिकवत होते. महाडचा सत्याग्रह याच काळातला, १९२७ चा. पोटापाण्याचे दोन-तीन धागे वळून त्यांनी स्वतःचा वेळ स्वतःच्या ताब्यात ठेवला.

तिसरी कांशीरामजींची. पुण्यात संरक्षण खात्याच्या प्रयोगशाळेत नोकरीला असताना आंबेडकर जयंती आणि बुद्ध जयंतीच्या सुट्टीचा वाद पेटला. दीनाभाना नावाच्या कामगाराने आवाज उठवला आणि कांशीरामजी त्याच्या बाजूने उभे राहिले. पुढे त्यांनी नोकरी सोडली ती कायमची. १९७८ मध्ये बामसेफ उभी केली तेव्हा मात्र त्यांनी कर्मचाऱ्यांना राजीनामे द्यायला सांगितलं नाही. नोकरीत राहा आणि पैसा, वेळ, बुद्धी समाजाला परत द्या, असं सांगितलं. एकाने नोकरी सोडायची तर दहा जणांना टिकून राहावं लागतं, हा हिशोब त्यांना पक्का माहीत होता.

या तिन्ही रीतींत एक गोष्ट सारखी आहे. पैसा कुठून येणार, हा प्रश्न कुणीही टाळला नाही. तुम्हीही टाळू नका. गायचं असेल, सिनेमा करायचा असेल, शेतीमाल विकायचा असेल, वस्तीत ग्रंथालय चालवायचं असेल, तर आधी वही घ्या. घरचं कर्ज किती, धाकट्या भावंडाची फी किती, आजारपणाची सोय काय, ते लिहा. निदान वर्षभराचा खर्च हाताशी येईपर्यंत अर्धवेळ काम सोडू नका. घरच्यांशी स्वप्नांच्या भाषेत बोलू नका, आकड्यांच्या भाषेत बोला. आणि ‘अनुभव मिळेल’ म्हणून कुणी फुकट राबवायला लागलं, अगदी समाजसेवी संस्था असली तरी, तर त्याला आपल्या भाषेत जुना शब्द आहे: वेठ. ती आपल्या आज्यांनी भरपूर केली आहे.

मुलींना वेगळं सांगते. घरी बसून भाषांतर करणाऱ्या मुलाला लोक विचारतात, ‘किती मिळतात?’ तेच काम करणाऱ्या मुलीला म्हणतात, ‘घरीच आहेस ना, मग जरा भाकऱ्या टाक.’ नोकरीचं ऑफिस निदान दाराबाहेर नेतं. त्यामुळे बाईने नोकरीबाहेरचं काम निवडलं, तर कामाची जागा, कामाची वेळ आणि स्वतःच्या नावाचं बँक खातं या तीन गोष्टींवर अडून बसावं.

समाधानाबद्दल शेवटचं. बाबासाहेबांचा जातीवर एक मोठा आक्षेप हाच होता, की ती माणसाला आवड आणि कुवत पाहून काम निवडू देत नाही. म्हणून आवडीचं काम मागणं हा चोचला नाही, तो जातिअंताच्या मागणीचाच भाग आहे. पण ती मागणी एकट्याने पुरी होत नाही. इथे पगारदार मित्र बसलेत, त्यांना विनंती आहे. तुमच्या वस्तीतल्या एखाद्या मुलीला दोन वर्षं निर्धास्त काम करता येईल एवढं पाच जणांनी मिळून उचला. त्याला दान म्हणू नका. तुम्हाला मिळालेली संध्याकाळ पुढे द्यायची आहे, एवढंच.

जय भीम, जय जोती, जय सावित्री.