जुना गॅस मास्क आणि फवारणी : आटे बसले म्हणून भागत नाही



गेल्या पावसाळ्यात, कपाशीच्या फवारणीच्या दिवसांत, एका गावी जाणे झाले. ओळखीच्या एका कास्तकारांच्या गोठ्यात खुंटीला एक रबरी मुखवटा टांगलेला दिसला. पांढुरक्या रबराचा, दोन वाटोळ्या काचांचा आणि खाली लोखंडी डबा लावलेला. मी विचारले, "भाऊ, हे काय?" ते म्हणाले, "पोराचं खूळ. पुण्याला शिकते, जुन्या बाजारातून असल्या लष्करी वस्तू जमवते. म्हटलं, नुसतं टांगण्यापरीस फवारणीला कामी येईल. डबा दुसऱ्या मास्कचा हाय, थोडा ढिला होता, मग नळाची पांढरी टेप गुंडाळली. आता गच्च बसला."

वस्तू वाया जाऊ न देणारा तो जबाबदार माणूस. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीची विषबाधा होऊन वीसवर शेतकरी-शेतमजूर दगावले आणि शेकडो दवाखान्यात गेले, हे त्यांना ठाऊक होते. म्हणूनच तर त्यांनी मास्क शोधला. पण तो मास्क त्यांना वाचवणार नव्हता, उलट अपाय करणार होता. कसा, ते सांगतो.

मास्क म्हणजे नुसता रबरी चेहरा. खरे काम डब्याचे, म्हणजे फिल्टरचे. त्यात दोन गोष्टी असतात. एक कागदासारखा थर, तो धूळ आणि तुषार अडवतो. दुसरा कोळशाचा थर, तो वाफ शोषून घेतो. हा कोळसा आपल्या चुलीतला नव्हे, खास तयार केलेला. नारळाच्या करवंटीपासून तो फार चांगला होतो. १९१८ साली पहिल्या महायुद्धात अमेरिकेने लोकांकडून फळांच्या कोयी आणि कवच्या गोळा केल्या, त्या याच कोळशासाठी. पण कोळसा एकदा भरला की भरला. हवेतला ओलावा तो शोषतो, आसपासचे वासही शोषतो. डब्याचे सील फुटले की मास्क कोणी घालो न घालो, त्याची ताकद उतरू लागते. सीलबंद फिल्टरलाही मुदत असते, आणि ती डब्यावर छापलेली असते. आपल्या भाऊंच्या डब्यावर साल होते १९७८.

आता आट्यांचे बघा. जुन्या सोव्हिएत मास्कच्या तोंडाचा व्यास ४० मिलिमीटर. युरोप-अमेरिकेकडच्या लष्करी मास्कचाही ४० मिलिमीटर. त्यामुळे माणूस फसतो. सोव्हिएत आट्यात एका वेढ्याचे अंतर ४ मिलिमीटर, तर दुसऱ्यात एक इंचाचा सातवा भाग, म्हणजे सुमारे ३.६ मिलिमीटर. दोन-तीन वेढे जातात, हाताला गच्चही लागते, पण तळाच्या रबरी वायसरवर सगळीकडून सारखा दाब बसेलच याची खात्री नाही. काही देशांचे जुने डबे तर ६० मिलिमीटरचे आहेत. ते बसवायला लोक मधे जोडतुकडे घालतात आणि गळतीची आणखी एक जागा तयार करतात. नळाची टेप पाण्याची गळती थांबवील, पण दम घेताना आत ओढली जाणारी विषारी वाफ ती थांबवील, असा भरवसा कोणी देऊ शकत नाही.

रंगाच्या पट्ट्यावरूनही धोका होतो. युरोपच्या पद्धतीत तपकिरी पट्टा सेंद्रिय वाफेसाठी, हिरवा अमोनियासाठी, पांढरा धूळ-तुषारांसाठी आणि काळा कार्बन मोनॉक्साईडसाठी. अमेरिकेच्या पद्धतीत काळा म्हणजे सेंद्रिय वाफ आणि पांढरा म्हणजे आम्लवायू. एकच रंग, दोन अर्थ. तेव्हा रंग पाहून नव्हे, छापलेला मजकूर वाचून फिल्टर घ्यावा. मजकूर परक्या लिपीत असेल, वाचता येत नसेल, तर तो फिल्टर आपल्यासाठी नाही, असेच समजावे.

सगळ्यात वाईट गोष्ट मुद्दाम मागे ठेवली होती. जुन्या फिल्टरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते. दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर, सप्टेंबर १९३८ पर्यंत, ब्रिटनने आपल्या नागरिकांना सुमारे ३ कोटी ८० लाख मास्क वाटले. त्या काळच्या ब्रिटिश फिल्टरमध्ये ॲस्बेस्टॉसचे तंतू घातलेले असत. नॉटिंगहॅमच्या कारखान्यात लष्करी मास्कचे फिल्टर भरणाऱ्या कामगारांपैकी, त्यांत बायाच जास्त, कित्येकींना पुढे अनेक वर्षांनी छातीच्या आवरणाचा कर्करोग झाला. म्हणूनच ब्रिटनमध्ये शाळांना सांगण्यात आले आहे, की इतिहासाच्या तासाला असले मास्क मुलांना घालू देऊ नका. इतर देशांच्या जुन्या लष्करी फिल्टरांतही ॲस्बेस्टॉस सापडले आहे. काहींच्या कोळशात क्रोमियमची विषारी संयुगे असतात. हलवल्यावर डबा खुळखुळला, तर आतला थर मोकळा झाला असे धरा. आणि हा माल दम घेताना थेट फुफ्फुसात जातो. विष टाळायला मास्क घातला आणि दुसरेच विष ओढले, अशी गत.

आणखी एक. पुष्कळ डब्यांच्या तळाला रबरी बूच असते. १९९१ च्या आखाती युद्धात इस्रायलमध्ये मास्क नीट न वापरल्याने, बूच तसेच राहिल्यानेही, काही माणसे घरातल्या घरात गुदमरून मेली. क्षेपणास्त्राने नव्हे, मास्कने. पोरे खेळण्यात असला मास्क घालून एकमेकांना भिववतात, त्यांना हे सांगा.

विहिरीत किंवा गोबरगॅसच्या खड्ड्यात उतरताना तर कोणताही फिल्टरवाला मास्क उपयोगी नाही, नवाकोरा सुद्धा नाही. फिल्टर हवा गाळतो, हवा तयार करत नाही. साध्या हवेत सुमारे २१ टक्के प्राणवायू असतो. खोल विहिरीत तो कमी झाला, की मास्क लावून माणूस तसाच खाली कोसळतो, आणि त्याला काढायला उतरलेला दुसराही. विहिरीत डिझेल इंजिन चालवले असेल तर धुराचा कार्बन मोनॉक्साईड साचतो. त्याला वास नाही, आणि कंदील विझला नाही म्हणून तो नाही असे होत नाही. गोबरगॅसजवळ तर जाळच नेऊ नये. अशा जागी बाहेरून हवा पुरवणारे साधन असलेली, शिकलेली माणसे बोलवावीत.

मग फवारणीला काय घ्यावे? औषधाच्या डब्यावरची चिठ्ठी आधी वाचावी, तिच्यात सांगितलेले साधन घ्यावे. मास्क लागत असेल तर नवा, भारतीय मानकाचे चिन्ह असलेला घ्यावा आणि फिल्टर त्याच कंपनीचा, त्याच नमुन्यासाठी सांगितलेला घ्यावा. नुसत्या धुळीचा मास्क गंधक धुरळताना चालेल, पण औषधाची वाफ तो अडवत नाही. तिथे वाफ आणि तुषार दोन्ही अडवणारा जोड फिल्टर लागतो. घातल्यावर फिल्टरचे तोंड तळव्याने झाकून हळू दम ओढावा. मास्क चेहऱ्याला चिकटून राहिला तर ठीक. दाढी वाढली असेल तर कडेने हवा येणारच, मग कितीही महाग मास्क घ्या. वास येऊ लागला किंवा दम ओढायला जड जाऊ लागले, की लगेच वावराबाहेर यावे आणि फिल्टर बदलावा. फिल्टर धुवू नये. काम झाले की घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावा, औषधांच्या बाटल्यांजवळ नको. आणि नाका-तोंडाला उपरणे बांधून भागत नाही, भिजलेले उपरणे औषध तोंडाशी धरूनच ठेवते. बरेचसे विष कातडीतून जाते, तेव्हा पूर्ण बाह्या, हातमोजे आणि वाऱ्याची दिशा हे आधी, मास्क त्यांच्या जोडीला.

राहिला पोराचा छंद. छंदाला माझी ना नाही, जुन्या वस्तू जपाव्यात. पण फिल्टर कापून आत काय आहे ते बघू नये, ठोकू नये, जाळू नये. हलक्या हाताने उतरवून दोन जाड प्लॅस्टिक पिशव्यांत बांधावा, वर "घालू नये, उघडू नये" असे ठळक लिहावे आणि मुलांच्या हाताला लागणार नाही असा ठेवावा. नको असेल तरी भंगारवाल्याला देऊ नये, तो हातोड्याने चेपतो आणि धूळ त्याच्या छातीत जाते. घातक कचरा घेणाऱ्यांकडेच तो जायला हवा.

भाऊंनी त्याच दिवशी मास्क उतरवला. पोराला फोनवर दोन शब्द सुनावले, ते इथे सांगण्यासारखे नाहीत. पुढच्या खेपेला गेलो तेव्हा खुंटीला म्होरकीच तेवढी होती. नवा मास्क घरात फळीवर, झाकणाच्या डब्यात होता. फिल्टरवर उघडल्याची तारीख लिहायची मात्र राहिली होती, ती आम्ही दोघांनी मिळून आठवून लिहिली.

आपले प्रश्न पोस्टकार्डावर लिहून केंद्राकडे पाठवा.